सात मुलांवर उभा राहिलेला ‘पिग्मॅलियन’

सेट-नेटच्या पेपर एकची तयारी करत असाल तर ‘टीचिंग ॲप्टिट्यूड’च्या प्रकरणात ‘पिग्मॅलियन इफेक्ट’ हा शब्द तुमच्या नजरेखालून गेलाच असेल. गाईडबुकात त्याची व्याख्या दीड ओळीची असते: शिक्षक विद्यार्थ्याकडून जशी अपेक्षा ठेवतो तसा विद्यार्थी घडतो. खाली चार पर्याय, त्यातला ‘ब’ बरोबर. टिक करा, पुढे चला. नंतर कधीतरी तुम्ही प्राध्यापक होता, ओरिएंटेशनला जाता, आणि तिथे कुणीतरी वक्ता हीच दीड ओळ पाऊण तास सांगतो. ‘मुलांवर विश्वास ठेवा, मुलं सोनं करतील.’ टाळ्या.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, शिक्षणशास्त्राची नाही. पण रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये एखादा गाजलेला अभ्यास मुळापासून वाचून त्याची चिकित्सा करायची असते. तेव्हा मी हाच निवडला, कारण तो आपल्या सगळ्यांच्या आयुष्याबद्दल काहीतरी दावा करतो. गाईडने तुम्हाला पहिल्या आठवड्यात ‘कच्चा’ ठरवलं तर तुम्ही खरंच कच्चे होता का? मूळ आकडे बघितल्यावर उत्तर गाईडबुकाइतकं सोपं राहत नाही. आणि ‘सगळं खोटं आहे’ इतकंही सोपं राहत नाही.

आधी मूळ प्रयोग. रॉबर्ट रोझेन्थाल हे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. पुस्तकात त्या शाळेला ‘ओक स्कूल’ असं टोपणनाव दिलंय. १९६४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेतल्या मुलांची एक बुद्धिमत्ता चाचणी घेतली. शिक्षकांना सांगितलं, की ही हार्वर्डची खास चाचणी आहे, पुढच्या वर्षी कोणती मुलं अचानक फुलणार हे तिच्यातून कळतं. मग नव्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक शिक्षकाला ‘फुलणाऱ्या’ मुलांची नावं दिली. एकूण १८ वर्ग, सुमारे २० टक्के मुलं. ही नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती. चाचणीचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. वर्षाने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा नाव लागलेली मुलं इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली. १९६८ साली ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हे पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. नाव शॉच्या नाटकावरून घेतलेलं. त्याच नाटकावरून पु. लं.नी ‘ती फुलराणी’ केलं, त्यामुळे आपल्याला कल्पना समजायला फार कष्ट पडत नाहीत. मंजुळेला बाईसाहेबांसारखं वागवलं की ती बाईसाहेब होते.

आता पुस्तकातला तक्ता. तुम्हाला संशोधन करायचंय ना, मग सारांशावर थांबू नका, तक्त्यावर या. एकूण ३२० मुलं. नाव लागलेली ६५, बाकीची २५५. वर्षभरात बुद्ध्यंकातली सरासरी वाढ: नाव लागलेल्यांची १२.२, इतरांची ८.४. फरक ३.८ गुणांचा. हा झाला सगळ्या शाळेचा निकाल. पण पुस्तकाच्या वाचकांना जो आकडा लक्षात राहिला तो पहिलीचा: नाव लागलेल्यांची वाढ २७.४ आणि इतरांची १२. म्हणजे पंधरा गुणांहून जास्त फरक! दुसरीत १६.५ विरुद्ध ७. तिसरीत मात्र ५ विरुद्ध ५. चौथीत ५.६ विरुद्ध २.२. पाचवीत १७.४ विरुद्ध १७.५, सहावीत १० विरुद्ध १०.७.

पहिली-दुसरी बाजूला काढून उरलेल्या चार इयत्तांची भारित सरासरी मी काढून बघितली. नाव लागलेल्या ४६ मुलांची वाढ ८.८, इतर १६० मुलांची ७.८. फरक एका गुणाचा. सगळ्या शाळेवर पसरलेला वाटणारा परिणाम दोन इयत्तांत गोळा झालाय, आणि त्यातही पहिलीत. पहिलीत नाव लागलेली मुलं किती होती? सात.

सात मुलं म्हणजे काय होतं ते हिशेबाने बघा. समजा एखाद्या मुलाने पहिल्या चाचणीला घाबरून काहीच लिहिलं नाही आणि दुसऱ्या वेळी नीट सोडवलं, त्यामुळे त्याची वाढ उगाचच ५० गुणांनी फुगली. सातांच्या गटात असं एक मूल असलं तर सरासरी सात गुणांनी वर जाते. पहिलीच्या दुसऱ्या गटात ४८ मुलं होती. तिथे हेच मूल असतं तर सरासरी एका गुणाने हलली असती.

हे मी उगाच काल्पनिक भीती म्हणून सांगत नाही. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी १९६८ सालीच या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि नेमकं इथे बोट ठेवलं. पहिलीच्या एका वर्गात १९ मुलांचा तर्कक्षमतेच्या भागातला सरासरी बुद्ध्यंक ३१ आला होता. एकतीस! एवढा बुद्ध्यंक असलेलं मूल शाळेत येऊन बाकावर बसून पेन्सिलीने चाचणी देऊच शकत नाही. अर्थ एवढाच की त्या वयाच्या मुलांना ती चाचणी झेपली नव्हती, आणि इतक्या खालच्या गुणांना ती काही मोजतच नव्हती. दुसऱ्या टोकाला एका गटाची नंतरची सरासरी १५० च्या घरात. १९७१ साली इलॅशॉफ आणि स्नो यांनी सगळी आकडेवारी पुन्हा तपासली आणि त्यांचाही सूर असाच होता.

यावर रोझेन्थाल यांचं उत्तर होतं, की चाचणी खराब असेल तर ती दोन्ही गटांना सारखीच खराब आहे, मग फरक का दिसला? ऐकायला बिनतोड. आपल्याकडे सेमिनारमध्ये कुणी असं उत्तर दिलं तर आपण मान डोलावून खाली बसू. पण वरचा सातांचा हिशेब लक्षात ठेवा. मोजमापातला गोंगाट दोन्हीकडे सारखा असला तरी लहान गटाची सरासरी त्याने जास्त हेलकावते. आणि फरक फक्त तिथेच दिसतोय, जिथे गट सगळ्यात लहान आणि मोजमाप सगळ्यात कच्चं आहे. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही.

आणखी एक, पाचवीकडे परत बघा. तिथली २६ मुलं, ज्यांच्याबद्दल शिक्षकांना काहीही सांगितलं नव्हतं, ती वर्षात १७.५ गुणांनी वाढली. म्हणजे दुसरीच्या ‘फुलणाऱ्या’ मुलांपेक्षा जास्त. कुणाच्या अपेक्षेने? याबद्दल कुठलंही गाईडबुक बोलत नाही.

मग हा सगळा बनाव होता का? तसं म्हणणंही आळशीपणाचंच होईल. रोझेन्थाल शाळेत जाण्याआधी काय करत होते ते बघा. १९६३ चा त्यांचा आणि फोड यांचा उंदरांचा प्रयोग मला स्वतःला शाळेच्या प्रयोगापेक्षा जास्त आवडतो. मानसशास्त्राच्या १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच पांढरे उंदीर दिले. सहा जणांना सांगितलं, हे हुशार वाणाचे आहेत, चक्रव्यूह पटापट शिकतात. सहा जणांना सांगितलं, हे मठ्ठ वाणाचे आहेत. उंदीर सगळे एकाच लायकीचे. पाच दिवसांनी ‘हुशार’ उंदीर खरंच पुढे. ‘मठ्ठ’ उंदरांनी २९ टक्के वेळा सुरुवातीच्या जागेवरून हलायलाच नकार दिला, ‘हुशारां’नी ११ टक्के वेळा. उंदराला हार्वर्ड माहीत नाही, स्वतःचं लेबलही माहीत नाही. फरक पडला तो विद्यार्थ्यांच्या हातातून: ‘हुशार’ उंदीर ज्यांच्याकडे होते त्यांनी त्यांना जास्त वेळा आणि जास्त हळुवार हाताळलं. प्राण्यांवर काम केलेल्या कुणालाही हे पटेल. बिचकलेला उंदीर काही शिकत नाही.

म्हणजे अपेक्षा डोक्यातून डोक्यात उडी मारत नाही. ती हातातून जाते. रोझेन्थाल यांनीच पुढे चार वाटा सांगितल्या: शिक्षक किती ऊब देतो, किती आणि किती अवघड शिकवतो, बोलायची संधी किती देतो आणि उत्तरावर किती नेमकं सांगतो. ओक स्कूलमध्ये यातलं काहीच मोजलेलं नव्हतं. वर्गात कुणी बसून बघितलं नव्हतं. उलट वर्षाअखेर विचारलं तेव्हा शिक्षकांना यादीतली नावंसुद्धा धड आठवत नव्हती.

त्याच पुस्तकातला एक निष्कर्ष मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यात बोचरा आहे. ज्यांचं नाव यादीत नव्हतं अशी काही मुलंही वर्षात पुढे गेली. अशा मुलांबद्दल शिक्षकांचं मत चांगलं झालं नाही. कमी गुणवत्तेच्या तुकडीतली, अपेक्षा नसताना वाढलेली मुलं शिक्षकांना उलट कमी आवडली. ‘हा आता फार शहाणा झालाय’ हे वाक्य तुम्ही ऐकलंय का? मी ऐकलंय, आणि ते प्राथमिक शाळेत नव्हतं.

यानंतरच्या पन्नासेक वर्षांतल्या संशोधनातलं दोनच ठिकाणचं सांगते, बाकीचं तुम्ही वाचा. १९८४ साली स्टीफन राउडेनबुश यांनी अशा १८ प्रयोगांचं एकत्र विश्लेषण केलं. काही प्रयोगांत परिणाम दिसला होता, काहींत नाही. त्यांनी विचारलं, फरक कशाने? उत्तर निघालं ओळखीने. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील तर बाहेरून दिलेल्या खोट्या माहितीचा परिणाम जवळजवळ शून्य. नवीन ओळख असेल तरच ती माहिती चिकटते. आणि इयत्तांमध्ये पहिली-दुसरीबरोबर सातवीही वर आली, म्हणजे तिथे बहुतेक मुलं नव्या शाळेत दाखल होतात ती इयत्ता. एक प्रयोग कच्चा असला तरी अठरा प्रयोग नीट मांडले की त्यातून असं काहीतरी पक्कं निघतं. ‘मेटा-ॲनालिसिस म्हणजे काय’ हा प्रश्न इंटरव्ह्यूला आला तर हे उदाहरण द्या.

दुसरं, २००५ सालचा जसिम आणि हार्बर यांचा आढावा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अपेक्षा आणि निकाल जुळतात याचं मोठं कारण शिक्षकांचा अंदाज बऱ्याचदा बरोबर असतो हे आहे. अपेक्षेमुळे निकाल घडणं हेही होतं, पण परिणाम सहसा लहान असतो आणि वर्षागणिक साचत जाण्याऐवजी विरतो. मात्र ज्या समाजगटांवर आधीच शिक्का मारलेला असतो, त्यांच्या बाबतीत तो मोठा असू शकतो.

ते शेवटचं वाक्य आपल्या कामाचं आहे. इथून मी प्राथमिक शाळा सोडते, कारण तुमची-माझी वयं पंचविशीची आहेत आणि सहा वर्षांच्या मुलांवरचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावणं म्हणजे उंदरांवरची मात्रा माणसाला देण्यासारखं आहे.

उच्च शिक्षणातला मला सगळ्यात दखलपात्र वाटलेला अभ्यास २०१९ चा आहे, एलिझाबेथ कॅनिंग आणि सहकाऱ्यांचा. एका अमेरिकन विद्यापीठातले विज्ञान-तंत्रज्ञान-गणित शिकवणारे १५० प्राध्यापक आणि त्यांचे १५ हजारांहून जास्त विद्यार्थी. प्राध्यापकांना विचारलं, बुद्धी जन्मजात ठरलेली असते की वाढते? जे ‘ठरलेली असते’ म्हणाले त्यांच्या वर्गात वंचित वांशिक गटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्यातली गुणांची तफावत दुसऱ्या प्राध्यापकांच्या वर्गापेक्षा जवळपास दुप्पट निघाली. प्राध्यापकाचं वय, लिंग, वंश, अनुभव यांनी एवढा फरक पडत नव्हता. इथे लक्षात घ्या, हा प्रयोग नाही, सहसंबंध आहे. ‘बुद्धी ठरलेली असते’ असं मानणारा प्राध्यापक कदाचित पेपरही वेगळ्या तऱ्हेने काढत असेल. पण एक गोष्ट इथे नवीन आहे. ही अपेक्षा ‘अमुक विद्यार्थी कच्चा आहे’ अशी कुणा एकाबद्दलची नाही. ती विषयाबद्दलची आहे: ‘फिजिक्स येरागबाळ्याचं काम नाही.’ हे वाक्य सगळ्या वर्गाला उद्देशून असतं, पण मागच्या बाकावरच्या काहींनाच ते स्वतःसाठी वाटतं.

आणि प्रयोगच हवा असेल तर २०१२ चा बघा. १२७ विज्ञान प्राध्यापकांकडे लॅब मॅनेजरच्या पदासाठी एकच अर्ज पाठवला, काहींना जॉनच्या नावाने, काहींना जेनिफरच्या. जॉन जास्त सक्षम ठरला. त्याला सुचवलेला पगार सरासरी ३०,२३८ डॉलर, तिला २६,५०८. असं करणाऱ्यांत प्राध्यापिकाही तितक्याच होत्या.

भारतातला असाच प्रयोग हॅना आणि लिंडन यांनी केला, २०१२ सालीच प्रसिद्ध झालेला. उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलाची जात, लिंग वगैरे माहिती चिठ्ठीने ठरवून लिहिली आणि शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालच्या’ जातीचं लिहिलेल्या पेपरला ०.०३ ते ०.०८ मानक विचलन इतके कमी गुण. आकडा लहान आहे, तो मोठा करून सांगू नका. पण असं करणाऱ्यांत वरच्या जातीचे शिक्षक नव्हते. हा कल प्रामुख्याने त्याच वंचित जातींतल्या शिक्षकांमध्ये दिसला. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. ‘शिक्षक आपल्यातलाच आहे, म्हणजे काळजी नाही’ हा आपला हिशेब इतका सरळ नाही.

आणि हॉफ व पांडे यांचा २००६ चा अभ्यास: उत्तर प्रदेशातली सहावी-सातवीची मुलं, कागदावर चक्रव्यूहाची कोडी सोडवायची. जात उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गट सारखे. कोडी देण्याआधी नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, तर दलित मुलांची कामगिरी घसरली. कुणी त्यांना ‘तुला जमणार नाही’ म्हटलं नव्हतं. फक्त ओळख करून दिली होती.

आता आपल्याकडची ओळख परेड आठवा. ‘आडनाव काय? गाव कुठलं? बी.एस्सी. कुठून? बारावीपर्यंत मराठी मिडियम का?’ कोल्हापुरात संशोधनाला येणाऱ्यांत चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावड्याकडून आलेली मुलं भरपूर असतात. विषय पक्का असतो, इंग्रजीत बोलताना अडखळतात. समोरच्याला अडखळणं ऐकू येतं, विषय ऐकू यायला वेळ लागतो. राउडेनबुश यांचे दोन आठवडे इथे मोजा: पहिल्या दोन आठवड्यांत गाईडच्या हातात तुमच्याबद्दल जी माहिती असते ती बहुतेक एवढीच असते.

पुढे काय होतं ते त्या चार वाटांनी सांगता येतं. एकाला पीसीआर लावायला शिकवतात, दुसऱ्याला रजिस्टर लिहायला आणि कोटेशन आणायला पाठवतात. ग्रुप मीटिंगमध्ये एकाला ‘तुला काय वाटतं?’ विचारतात, दुसऱ्याला ‘कळलं ना?’ विचारतात. एकाच्या मसुद्यावर लाल शाईचा सडा पडतो. दुसऱ्याच्या मसुद्यावर ‘ठीक आहे’ एवढंच. दुसरा खूश होतो. मला सांगायचंय ते हे, की उच्च शिक्षणात कमी अपेक्षा रागावून येत नाही, ती प्रेमाने येते. ‘राहू दे, तुला नाही जमायचं, मी बघतो’ म्हणणारे सर वाईट नसतात, बऱ्याचदा फार चांगले असतात. आणि मग विद्यार्थ्याचं वागणं बदलतं: तो सेमिनारला प्रश्न विचारत नाही, सोपा विषय निवडतो, आरएसीपुढे कमीत कमी बोलून सुटका करून घेतो. सहा महिन्यांनी सर म्हणतात, ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली याच चक्राला स्वतःलाच खरी करणारी भविष्यवाणी म्हटलं होतं.

लाल शाईबद्दल एक अभ्यास आहे. कोहेन, स्टील आणि रॉस, १९९९. विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांकडून निबंधवजा पत्र लिहून घेतलं, त्यावर कडक टीका लिहून परत दिलं. वाचणाऱ्याला आपला वंश माहीत आहे हे विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. नुसती टीका मिळालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ती पक्षपाती वाटली आणि सुधारून लिहायची इच्छा कमी झाली. टीकेआधी गोड गोड कौतुक लावलं, तरी पुरेसं झालं नाही. तिसऱ्या गटाला टीका तीच, पण सोबत दोन गोष्टी सांगितल्या: आमचा निकष वरचा आहे, आणि तुझं पत्र वाचून मला वाटतं की तू तिथपर्यंत पोचशील. तिथे दोन्ही गटांतला फरक मिटला. ‘विश्वास ठेवा’वाल्या वक्त्यांनी हा अभ्यास सांगायला पाहिजे, कारण यात नुसत्या कौतुकाचा पराभव आहे.

शिक्षकाचं मन बदलायचं कसं, हा प्रश्न मग येतोच. कोल्हापुरात बसून याचा विचार करताना मला वाटतं, शाहू महाराजांनी तो प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवायला घेतला होता. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहं, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या सरकारी शाळांत घेण्याचा आदेश. यातल्या कशानेही मास्तरांचं मत एका रात्रीत बदललं नसणार. पण मूल कुठे राहणार, कुठल्या खोलीत, कुणाशेजारी बसणार हे मास्तरांच्या मतावर सोडलं नाही. रोझेन्थालच्या चार वाटांच्या भाषेत बोलायचं तर त्यांनी अपेक्षेला हात न लावता ती ज्या वाटेने झिरपते त्या वाटा ताब्यात घेतल्या. कबूल, यामागे कुठला कंट्रोल ग्रुप नव्हता आणि मी एका राज्यकारभाराला प्रयोगाच्या चौकटीत बसवतेय. पण कॅनिंगचा अभ्यास वाचून ‘प्राध्यापकांची मानसिकता बदलणारी कार्यशाळा घ्या’ असं सुचवणाऱ्यांपेक्षा मला हे जास्त व्यवहार्य वाटतं. उपकरणांचं वेळापत्रक भिंतीवर लावा, प्रत्येक संशोधकाला सारखे तास. ग्रुप मीटिंगला आळीपाळीने सगळ्यांनी बोलायचं. मसुद्यावर किमान अमुक शेरे. यासाठी कुणाचं मन बदलावं लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूने एकच अभ्यास मला सापडला जो गाईडबुकाच्या पलीकडे जातो. १९७९ साली फेल्डमन आणि प्रोहास्का यांनी प्रयोग उलटा केला. विद्यार्थ्यांना आधीच सांगितलं, हा शिक्षक चांगला आहे, किंवा हा बेकार आहे. ‘चांगला’ ऐकलेल्यांना शिक्षक जास्त सक्षम वाटला आणि त्यांना गुणही जास्त मिळाले. दुसऱ्या भागात विद्यार्थी म्हणून बसवलेल्या माणसांनी ठरवून पुढे झुकून, नजर देऊन ऐकलं, किंवा तसं केलं नाही. तर शिकवणाऱ्याचं शिकवणंच बदललं. आता हे आठवून बघा: पीएच.डी.ला प्रवेश घेण्याआधी आपण सीनियर्सना विचारतोच ना, ‘ह्या सरांकडे कसं काय?’ आणि हॉस्टेलवर एका वाक्यात निकाल लागतो. त्याचे दोन आठवडेही इथे मोजायला हवेत.

तुमच्यापैकी ज्यांना शिक्षणशास्त्रात किंवा मानसशास्त्रात विषय शोधायचाय त्यांच्यासाठी शेवटी एक अडचण ठेवते. ओक स्कूलमध्ये अपेक्षा फक्त वाढवली होती. ‘हे मूल मागे पडणार’ अशी यादी शिक्षकांना दिली नव्हती, आणि ते बरोबरच होतं. आज तर शिक्षकांना न सांगता अशी कुठलीही यादी द्यायला एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही. म्हणजे आपल्याला ज्याची खरी काळजी आहे ती कमी अपेक्षा, तिच्यावर वर्गातला थेट प्रयोग ओक स्कूलने केलेलाच नाही. तिच्याबद्दल आपण जे बोलतो ते उंदरांवरून, बनावट अर्जांवरून, उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानांवरून आणि सहसंबंधांवरून जोडून काढलेलं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांवर हे मोजायचं असेल तर काय मोजणार? इंटरनलचे गुण, सेमिनारमधले प्रश्न, की मसुद्यावरच्या लाल शाईचे शब्द? मी असते तर लाल शाईपासून सुरुवात केली असती. ती कागदावर असते, मोजता येते, आणि तिच्यासाठी कुणाशी खोटं बोलावं लागत नाही.